उसवलेली पाठ

दोनशे बारा ग्रॅम भरलं तेव्हा धाकटीला समाधान वाटलं होतं. उसवण्याआधी दोनशे बारा, उसवून गुंडा केल्यावरही दोनशे बारा. एक तंतू वाया गेला नव्हता. वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली की माणसाला अशा गोष्टींचं समाधान वाटायला लागतं, आणि सासरची माणसं त्याला लाडाने 'वजनकाटा' म्हणायला लागतात.

समाधान सव्वा तास टिकलं. मग नणंदेचा फोन आला.

"वहिनी, मी गुरुवारी सकाळी पोचते. आणि आईने ठरवलंय म्हणे, यंदा शनिवारी भेटी देऊन झाल्या की आत्याचा तो अर्धा स्वेटर बाहेर काढायचा. कोणाच्या मापाचा आहे ते एकदाचं बघून टाकायचं. तू बघितलायस का गं तो? तपकिरी आहे, वेण्यावेण्यांचा."

धाकटीने टेबलावरच्या तपकिरी गुंड्याकडे बघितलं.

"बघितलाय," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि हे खोटं नव्हतंही.

या घरात वर्षाखेरीच्या सुट्टीत प्रत्येकाला घरी विणलेली एक तरी वस्तू मिळते, हवी असो वा नसो. लोकर शक्यतो विकत आणायची नाही. लहान झालेले, विटलेले, मागल्या वर्षी नाक मुरडत घेतलेले स्वेटर लाल दोरा बांधून कपाटाच्या खालच्या खणात टाकायचे, आणि ज्याला सवड असेल त्याने उसवून त्यांचे गुंडे करायचे. लाल दोरा म्हणजे उसवायचं. सासूबाईंचा हा नियम धाकटीला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगण्यात आला होता. त्या कपाटाची किल्ली मात्र यंदाच तिच्या हातात आली. थोरल्या जावेला सोळा वर्षांत मिळाली नव्हती.

सोमवारी रजा घेऊन तिने कपाट आवरायला काढलं. खालच्या खणात, अगदी मागे, उशीच्या जुन्या अभ्र्यात ती पाठ होती. स्वेटरची नुसती पाठ, खांद्यापर्यंत आलेली, सुयांवर तशीच. काखेपाशी दोन्हीकडे लाल दोरा. सुया बघून तिचा हात थबकला होता जरा. पण लाल दोरा तो लाल दोराच.

आत्या म्हणजे सासऱ्यांची बहीण. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. तिने आणि सासूबाईंनी एका घरात एकोणचाळीस वर्षं विणकाम केलं आणि तितकीच वर्षं एकमेकींच्या विणकामाला नावं ठेवली. आत्याचा हात सैल, सासूबाईंचा घट्ट. "हिच्या विणीतून वारा जातो," सासूबाई म्हणायच्या. "आणि हिच्या गळ्यातून डोकं जात नाही," आत्या म्हणायची. दोघी साऱ्या घरासाठी विणायच्या, एकमेकींसाठी कधी नाही. ओळी मोजायला आत्या खुणेचा दोरा बांधायची, आणि घरात सात रंगांचे दोरे असताना मुद्दाम लालच बांधायची. "तुझा लाल उसवायला, माझा लाल मोजायला." हे धाकटीने शंभर वेळा ऐकलं होतं. सोमवारी दुपारी तेवढं आठवलं नव्हतं.

ती गुंडा पिशवीत घालून तडक वरच्या मजल्यावर थोरलीकडे गेली. थोरली रुग्णालयात सिस्टर होती. वाईट बातमी ऐकताना तिचा चेहरा हलत नसे.

"किती उसवलास?"

"सगळा."

"सगळा म्हणजे?"

"दोनशे बारा ग्रॅम."

थोरलीने डोळे मिटून घेतले. "तुझं एक बरं आहे बाई. घराला आग लागली तरी तू आधी राख तोलशील."

"मी आईंना आत्ताच जाऊन सांगते."

"सांग की. त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. पुढची वीस वर्षं बोलायच्या नाहीत. फक्त कपाट उघडायचं झालं की आधी तुझ्याकडे बघतील आणि मग किल्ली मागतील." थोरलीने तिच्या कमरेच्या किल्लीवर बोट टेकवलं. "मला कशी दिली नाही ते विचार. म्हणाल्या, तू घाईची आहेस, धाकटी मोजूनमापून वागते."

घाईच्या बाईने हा उद्योग केला नसता, हे दोघींच्याही मनात आलं. थोरली मोठ्या मनाची, तिने ते तोंडावाटे बाहेर काढलं नाही. निदान त्या दिवशी तरी.

धाकटीने नाइलाजाने गुंड्याचं टोक ओढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. धागा सरळ नव्हता. बरीच वर्षं विणीत राहिलेली लोकर उसवली तरी वळणं सोडत नाही. या धाग्यावरही वळणामागून वळण होतं, एका टाक्याला एक, आणि जिथे ओळ संपत होती तिथे एक लांबट वळण. तिने पर्समधून पट्टी काढली.

"आता काय मोजतेस?" थोरली म्हणाली.

"आत्यांचा हात. दहा टाक्यांना अठरा सेंटिमीटर धागा लागलाय. माझ्या हाताला पंधरा लागतो." ती पुढे मोजत गेली. "शहाण्णव टाके. पुन्हा शहाण्णव. ताई, पाठ गेलेली नाही. ती यात लिहिलेली आहे. उसवताना शेवटची ओळ आधी निघाली, ती गुंड्याच्या पोटात गेली. पहिली ओळ सगळ्यात बाहेर आहे. मी सुरुवातीपासून तशीच विणू शकते."

"शनिवारपर्यंत?"

"साडेबारा हजार टाके आहेत."

"मी दिवस विचारले होते," थोरली म्हणाली. पण तिने उठून चहा टाकला, आणि त्यावरून ती कोणाच्या बाजूची ते ठरलं.

त्यानंतरचे चार दिवस धाकटीने रात्री वरच्या मजल्यावर आणि जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या वजनखोलीत विणकाम केलं. तिथे वारा येत नाही, कोणी बोलत नाही, आणि आत यायला जोडे काढावे लागत असल्याने कोणी उगाच येतही नाही. पहिला दिवस तिचा हात ऐकेना. टाका आवळला जायचा, जुनं वळण नव्या टाक्याच्या बाहेर राहायचं आणि धागा बंड केल्यासारखा दिसायचा. मग बुधवारी कधीतरी तिने खांदे सैल सोडले, धागा बोटावरून नुसता जाऊ दिला, आणि जुनी वळणं आपोआप नव्या टाक्यांत बसायला लागली. आपण आत्याच्या पावलावर पाऊल टाकून चाललोय असं तिला वाटलं. आत्या हयात असताना दोघींचं फारसं जमलं नव्हतं. "ही हसते तेव्हासुद्धा दशांश चिन्हानंतर दोन आकडे हसते," असं आत्या एकदा म्हणाली होती.

एक गोष्ट लोकरीला सांगता येत नव्हती. वेणी डावीकडे वळवली होती की उजवीकडे, हे वळणांवरून कळत नाही. तिने सगळ्या वेण्या उजवीकडे वळवल्या, नीट, एकीसारखी एक.

दुसरी गोष्ट लोकर अगदी स्पष्ट सांगत होती आणि त्यावरून शुक्रवारी थोरलीशी वाजलं.

"डावा खांदा सहा ओळी उंच का गं?"

"तसाच होता. उजवीकडचे टाके आधी मिटवलेत, डावीकडे सहा ओळी जास्त."

"बाईचं लक्ष नसेल. गप्पा मारत विणायची ती. सारखे कर दोन्ही."

"लोकर सहा ओळी म्हणते."

"लोकर काय कोर्टात साक्ष देतेय?"

"हो," धाकटी म्हणाली, आणि खांदा तसाच ठेवला.

गुपिताचं म्हणाल तर ते सोमवारी दोघींत होतं. मंगळवारी सकाळी नवऱ्याने तिच्या डब्याच्या पिशवीत सुया बघितल्या, तेव्हा तिघांत झालं. नवरा शाळेत भूगोल शिकवतो आणि त्याच्या पोटात नद्यांची नावं सोडून काही राहत नाही. बुधवारी सासऱ्यांनी तिला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "कुठवर आलीस? काखेपर्यंत?" चाळीस वर्षं दोन्ही हातांवर लोकरीची लडी धरून दोन बायकांच्या मधोमध बसलेला तो माणूस. त्याच्याकडून कुठल्याही बाजूला काही कळण्याची भीती नव्हती, असं धाकटीला वाटलं. गुरुवारी नणंद आली आणि बॅग ठेवायच्या आधी म्हणाली, "वहिनी, मला सगळं माहीत आहे. मोठ्या वहिनींनी सांगितलं. मी कोणालाच बोलले नाहीये. म्हणजे दादाला, तुझ्या नवऱ्याला बोलले, पण त्याला आधीच माहीत होतं."

सासूबाईंना तेवढं माहीत नव्हतं. त्या आपल्या खुर्चीत डाव्या अंगाला मान कलती करून बसायच्या आणि नातीच्या मोज्याची टाच वळवायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं, जाड काळा रिसीव्हर खांद्यावर दाबून, दोन्ही हातांनी काम. तेव्हापासूनची ती कलती मान.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर भेटी दिल्या. नवऱ्याला आईच्या हातची टोपी मिळाली. त्याने ती दोन्ही हातांनी ओढून घातली आणि बराच वेळ बोलला नाही.

"घट्ट होतेय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही गं. डोक्यात एक विचार होता, तो बाहेर येत नाहीये एवढंच."

"तुझ्या डोक्यात तो एकच असतो. राहू दे आत."

सासऱ्यांना धाकटीने हातमोजे दिले होते. त्यांनी दहाही बोटं घालून बघितली आणि म्हणाले, "पोलिसांनीसुद्धा माझ्या बोटांची इतकी नीट मापं घेतली नसती." नणंदेला थोरलीचा मफलर मिळाला. तो दारापासून खिडकीपर्यंत पुरला, कारण रात्रपाळीत थोरलीला थांबायचं कुठे ते कळलं नव्हतं. हसणं चाललं होतं. धाकटीचं लक्ष मात्र कपाटाकडे होतं.

मग सासूबाई स्वतः उठल्या आणि कपाटापाशी जाऊन त्यांनी धाकटीकडे हात पुढे केला. तिने किल्ली दिली. शुक्रवारी संध्याकाळी सुयांसकट, लाल दोऱ्यांसकट अभ्र्यात परत ठेवलेली पाठ बाहेर आली.

"चार वर्षांत मी ही दोनदा काढली असेल," सासूबाई म्हणाल्या. "दोनदाही पुरती उलगडली नाही. आज बघू. कोणासाठी घातली होती बाईने, ते कळलं तर मी पुरी करून देईन त्याला. चला, पाठ करून उभे राहा."

थोरली पहिली. सासूबाईंनी पाठ तिच्या पाठीला लावली. दोन्हीकडून चार बोटं कमी पडली.

"आत्याने मला बारीक समजून विणली असेल," थोरली म्हणाली.

"आत्याची नजर अधू होती, आंधळी नव्हती. पुढची."

नणंदेच्या अंगाला ती पाठ तंबूसारखी झाली. नवऱ्याला अर्ध्या पाठीतच संपली. आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर ती मोकळी होऊन वर उभी राहायची, सशाने एकच कान टवकारावा तशी. सासऱ्यांनी न सांगताच पाठ फिरवली. त्यांनाही नाही. धाकटी शेवटी उभी राहिली. पाठीवर आपल्याच हाताने विणलेली लोकर टेकली. रुंदीला बरी होती, खांद्याला नव्हती.

"म्हणजे कोणाचीच नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाठ घडी करून टेबलावर ठेवली. आवाज नेहमीसारखा होता, पण घडी दोनदा मोडून पुन्हा केली. "बाईने वेळ जात नव्हता म्हणून विणली असेल. जाऊ दे. लोकर चांगली आहे. धाकटे, दोरा बांधलेलाच आहे, सवड झाली की उसवून टाक."

थोरलीने धाकटीच्या दंडाला बारीक चिमटा काढला. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. सगळं आयतं निस्तरलं होतं. पाठ उसवली की पुरावाही गेला. नवरा टोपीतून छताकडे बघत होता. नणंदेने मफलरमध्ये तोंड लपवलं होतं.

"नको आई," धाकटी म्हणाली. "एकदा उसवून झालाय."

थोरलीने चिमटा सोडला.

"सोमवारी. मी लाल दोरा बघितला आणि उसवला. आत्यांची खूण असेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. ही पाठ मी विणलेली आहे. लोकर तीच आहे, टाके तितकेच आहेत, पण हात माझा आहे. मी तेव्हाच सांगायला हवं होतं." तिने कपाटाला लागलेली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "किल्ली तुमच्याकडेच राहू दे."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कोणी सांगितलं?" थोरलीने दिराकडे, दिराने सासऱ्यांकडे आणि सासऱ्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"कोणी सांगायला कशाला हवं? सोमवारी वर चहा टाकलात तेव्हा खिडकी उघडी होती. मंगळवारी हा आपल्या बापाशी बाथरूमच्या दारात कुजबुजला. परवा ही बया आली ती जिन्यातच सुरू झाली. तीस वर्षं मी लोकांचे फोन जोडले. मोठ्याने बोललेलं मला ऐकू येत नाही एकवेळ. कुजबुजलेलं सगळं येतं."

"मग बोलला का नाहीत?" थोरली म्हणाली.

"तुम्ही पाचजण एका बाजूला होतात. या घरात असं पहिल्यांदाच झालं होतं, मोडवेना." त्या धाकटीकडे वळल्या. "आणि मला बघायचं होतं, ही चिमटा खाऊन गप्प बसते का. वेण्या बघूनच कळलं असतं म्हणा. सगळ्या एका दिशेला. तिने दर वेळी एक तरी उलटी घातली असती."

"ते लोकरीवरून कळत नव्हतं."

"आणि हा खांदा? एवढी मोजून विणलीस आणि खांदा तिरका ठेवलास?"

"तो माझा नाही. तो आत्यांचा आहे. मी नीट मोजलंय आई, उजवीकडे आधी मिटवलंय, डावीकडे सहा ओळी—"

ती मधेच थांबली. सासूबाई खिडकीकडे तोंड करून, पाठ उजेडात धरून बघत होत्या. मान नेहमीसारखी डावीकडे कलती. डावा खांदा, तीस वर्षं रिसीव्हर दाबून धरलेला, उजव्याहून वर. किती वर, ते धाकटीने नजरेनेच मोजलं. तिच्या नजरेची चूक एखाद्या मिलिमीटरच्या आतबाहेर असते.

"आई, तशाच उभ्या राहा."

"का?"

"राहा ना."

तिने त्यांच्या हातातून पाठ काढून घेतली आणि मागून त्यांच्या पाठीला लावली. रुंदीला बसली. काखेला बसली. आणि डाव्या खांद्यावरचा तो सशाचा कान खाली बसला, जागेवर, एकही सुरकुती न पडता.

पहिल्यांदा सासरे बोलले. "अरेच्चा," म्हणाले, आणि खाली बसले.

सासूबाईंनी उजवा हात मागे नेऊन डाव्या खांद्यावरची लोकर चाचपली. बराच वेळ चाचपत राहिल्या.

"कधी बघितला बाईने माझा खांदा," त्या म्हणाल्या. "मला म्हणायची, तू माझ्याकडे बघत नाहीस. माप घ्यायला कधी जवळ आली नाही. विचारलंसुद्धा नाही."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?" नवऱ्याने विचारलं.

"तुझ्या विणीतून वारा जातो म्हणाले असते. दुसरं काय." त्यांनी नाक ओढलं आणि लगेच सगळ्यांकडे कडक नजरेने बघितलं, कोणी बघितलं तर नाही ना म्हणून. सगळेजण मफलरची लांबी बघण्यात गुंतले होते. "पुढचे भाग आणि बाह्या मी विणीन. माझ्याच हाताने. पाठ सैल, पोट घट्ट. आमचं भांडण अंगावर घालून हिंडेन."

धाकटीने टेबलावरची किल्ली त्यांच्यापुढे सरकवली. सासूबाईंनी ती परत तिच्यापुढे सरकवली.

"ठेव तुझ्याकडे. तू नसतीस उसवली तर हा खांदा मी तिच्या गलथानपणात जमा केला असता. पण एक. आजपासून उसवायचा दोरा निळा. लाल तिचा."

चाळीस वर्षांचा नियम असा एका वाक्यात बदलला. थोरली काहीतरी बोलणार होती, पण नणंदेने मफलरचं टोक तिच्या तोंडावर टाकलं.

"आणि आता बस इथे," सासूबाई धाकटीला म्हणाल्या. "एक वेणी उलटी कर. एवढी सरळ ती माझ्यासाठी तरी विणणार नाही."

"कुठली?"

"मला काय विचारतेस? ती काय ठरवून चुकायची?"

धाकटी पाठ मांडीवर घेऊन बसली. एका वेणीचे तेवढे सहा टाके सुईवरून सोडून खाली उतरवायचे, वेणी फिरवायची आणि पुन्हा वर चढायचं, काम सोपं होतं. चूक कुठे करायची ते ठरत नव्हतं. तिने ओळी मोजल्या, मधली काढली, मग मध्यावरची चूक फारच नेमकी दिसेल म्हणून सोडून दिली. सगळे वाट बघत होते. शेवटी तिने खिडकीबाहेर बघत थोरलीला विचारलं, "ताई, मफलर कितव्या रात्री संपला गं?" आणि थोरली हिशेब सांगत असतानाच, न बघता, हाताला लागलेले सहा टाके सोडले.

वेणी फिरवून झाल्यावर सासूबाईंनी पाठ उजेडात धरली. तिसऱ्या रांगेत, भलत्याच ठिकाणी, एक वेणी सगळ्यांना पाठ दाखवून उभी होती.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "आता जातोय वारा."